अहोरात्र रक्तदाबमापन : एका निदानाचा आणि त्याच्या परिभाषेचा इतिहास

एखाद्या राशीचे नाव हेच रोगाचे नाव होऊन बसावे, असे भाषेत क्वचितच घडते. 'ताप' आणि 'तापमान' यांत मराठी भाषक सहसा घोटाळा करीत नाही. 'मला तापमान आहे' असे कोणी म्हणत नाही. परंतु 'त्यांना ब्लड प्रेशर आहे', 'आईला बीपी निघाला' ही वाक्ये घरोघर ऐकू येतात. ('शुगर' या शब्दाचीही हीच गती झाली आहे.) वस्तुतः रक्तदाब प्रत्येक जिवंत मनुष्याला असतो, तो नसणे म्हणजेच मरण. येथे 'उच्च' हे विशेषण गळून पडले आणि त्याचा अर्थ विशेष्याने आपल्या पोटात घेतला, अशी या अर्थसंकोचाची उपपत्ती सांगता येईल. तथापि या वाक्यांतील खरा महत्त्वाचा शब्द नाम नसून क्रियापद आहे. बीपी 'निघाला' असे म्हणणाऱ्याने गृहीत धरलेले असते की, तो आत कोठे तरी दडून होता आणि दवाखान्यात दंडाला पट्टा गुंडाळल्याबरोबर जसाच्या तसा बाहेर आला. दोन मिनिटांच्या मापनात मिळालेला आकडा हा त्या मनुष्याचा कायमचा धर्म होय, असे हे गृहीतक आहे. ते केवळ सामान्य माणसाचे नाही. विसाव्या शतकाचा बहुतेक काळ वैद्यकाचा व्यवहारही त्याच्यावरच चालला. त्याला तडा कसा गेला, आणि अंगावर वागविता येणाऱ्या यंत्राने दिवसभर व रात्रभर घेतलेले मापन प्रौढांतील उच्च रक्तदाबाच्या निदानात मध्यवर्ती स्थानी कसे आले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

रक्तदाब स्थिर नसतो, ही गोष्ट पहिल्या मापनापासूनच ज्ञात होती. टेडिंग्टनचे धर्मोपदेशक स्टीव्हन हेल्स यांनी १७३३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात एका घोडीवरील प्रयोगाची हकीकत दिली आहे. घोडीला जिवंतपणी उताणी बांधून तिच्या पायाच्या धमनीत त्यांनी पितळी नळी बसविली आणि तीस काचेची उंच नळी जोडली. रक्त काचेच्या नळीत ८ फूट ३ इंच चढले. इतिहासग्रंथांत हा आकडा वारंवार उद्धृत होतो. त्याच वृत्तांतातील पुढची निरीक्षणे मात्र फारशी उद्धृत होत नाहीत. प्रत्येक ठोक्यागणिक रक्ताची पातळी दोन, तीन, चार इंच वरखाली होत असे, आणि कधी कधी तर ती बारा-चौदा इंच खाली येई, असे हेल्स नमूद करतात. ८ फूट ३ इंच म्हणजे पाऱ्याच्या मापात सुमारे १९० ते १९५ मिलिमीटर भरतात. बांधून उताण्या पाडलेल्या प्राण्याची भीती या आकड्यात किती मिसळली होती हे सांगण्यास मार्ग नाही. पण ती मिसळलेली नव्हती, असे मानणे कठीण आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या प्रयोगशाळेने हे हेलकावे अधिक काटेकोरपणे टिपले. प्वाझय यांनी १८२८ मध्ये उंच नळीच्या जागी पाऱ्याचा दाबमापक आणला, त्यामुळे नऊ फुटी काचेची गरज संपली. १८४७ मध्ये कार्ल लुटविख यांनी त्या पाऱ्यावर तरंगता दांडा ठेवून फिरत्या नळकांड्यावर त्याच्या हालचालीची रेघ उमटविली. हाच कायमोग्राफ. शरीरक्रियाविज्ञानाला येथे प्रथमच रक्तदाब हा आकडा म्हणून न दिसता रेषा म्हणून दिसला. त्या रेषेत ठोक्यांच्या लहान लाटा होत्या आणि त्यांच्यावर श्वासोच्छ्वासाच्या मोठ्या लाटा होत्या. ही रेषा मिळविण्यासाठी धमनी उघडावी लागे, हा तिचा दोष. शल्यक्रियेच्या निमित्ताने फेव्र यांनी १८५६ मध्ये मनुष्याच्या धमनीतील दाब प्रत्यक्ष मोजला. परंतु हा मार्ग दवाखान्यातील नित्याच्या उपयोगाचा नव्हता, हे उघड आहे.

दवाखान्याला धमनी न उघडता मापन करून दिले ते स्कीपिओने रिव्हा-रॉच्ची यांनी, तूरिन येथे, १८९६ साली. दंडाभोवती हवा भरता येण्याजोगा रबरी पट्टा, त्यास जोडलेला पाऱ्याचा स्तंभ, आणि मनगटावरील नाडी कोणत्या दाबाला लुप्त होते हे बोटांनी चाचपणे, एवढीच ती पद्धत. पट्टा अरुंद होता, त्यामुळे आकडा वाजवीपेक्षा जास्त येई. १९०१ मध्ये फॉन रेक्लिंगहाउझेन यांनी तो रुंद केला. त्याच वर्षी अमेरिकन शल्यविशारद हार्वी कुशिंग यांनी पाव्हिया येथे हे यंत्र पाहिले आणि ते बाल्टिमोरला नेले. १९०५ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथील निकोलाय कोरोत्कोव्ह यांनी एका अतिशय लहान टिपणात दाखवून दिले की, पट्ट्याखालच्या धमनीवर स्टेथॉस्कोप ठेवल्यास दाब उतरताना विशिष्ट ध्वनी सुरू होतात व पुढे नाहीसे होतात. पहिल्या ध्वनीवरून हृदयाच्या आकुंचनाच्या वेळचा आणि ध्वनी संपण्यावरून प्रसरणाच्या वेळचा दाब सांगता येतो. आज ज्याला लोक 'वरचा' आणि 'खालचा' म्हणतात, ते दोन आकडे येथे जन्मास आले.

या शोधांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. मात्र त्यांनी काय गमावले तेही पाहिले पाहिजे. प्रयोगशाळेजवळ रेषा होती. दवाखान्याच्या हाती बिंदू आला. रेषेवरचा कोणता बिंदू आपल्याला मिळाला, हा प्रश्न विचारण्याची सोय त्या यंत्रात नव्हती. रिव्हा-रॉच्ची यांना रुग्णाच्या मनःस्थितीचा मापनावर परिणाम होतो याची जाणीव होती. परंतु यंत्र जसजसे पसरत गेले तसतशी ही सावधगिरी मागे राहिली आणि आकडा पुढे गेला. तो पुढे नेण्यात आयुर्विमा कंपन्यांचा वाटा मोठा आहे. अमेरिकेतील विमा कंपन्यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच अर्जदारांचा रक्तदाब मोजण्यास प्रारंभ केला, आणि ज्यांचा दाब जास्त ते लवकर मरतात ही गोष्ट मोठ्या संख्येने प्रथम सिद्ध झाली ती त्यांच्या नोंदवह्यांतून. विम्याच्या हिशेबाला प्रत्येक अर्जदारामागे एक आकडा पुरतो. हजारो माणसांच्या सरासरीत एकेकाच्या क्षणिक चढउताराची हानी भरून निघते; एका माणसाच्या निदानात ती भरून निघत नाही. पुढील सगळा घोटाळा या एका फरकात सामावलेला आहे, असे म्हटले तरी चालेल.

१९२० ते १९५० या काळात काही चिकित्सकांना हा फरक जाणवू लागला होता, आणि त्यांनी तो प्रथम शब्दांत पकडला. न्यूझीलंडमधील होरेस स्मर्क यांच्या लेखनात 'बेसल' आणि 'कॅज्युअल' अशी जोडी येते. रुग्णाला पूर्ण विश्रांती देऊन, वारंवार मापून मिळतो तो 'मूळ' दाब. दवाखान्यात आल्या आल्या मिळतो तो 'प्रासंगिक' दाब. 'कॅज्युअल' हा शब्द मोठा मार्मिक आहे. दवाखान्यातील आकडा हा जणू रस्त्यात झालेली ओझरती भेट आहे, असे तो सुचवितो. परंतु 'बेसल' या शब्दात एक नवा भ्रम लपलेला होता : चढउतारांच्या खाली कोठे तरी एक अचल तळ आहे आणि तोच खरा दाब होय, हा तो भ्रम. पूर्ण विश्रांतीत काढलेला आकडा हाही एका विशिष्ट प्रसंगाचाच आकडा असतो. मनुष्य आपले आयुष्य दवाखान्याच्या प्रतीक्षालयात घालवीत नाही, त्याचप्रमाणे तो ते अंधाऱ्या खोलीत निजूनही घालवीत नाही.

याच सुमारास बॉस्टन येथे डेव्हिड एमन आणि आर्ची गोल्डशाइन यांनी अगदी साधा उपाय केला. त्यांनी रुग्णांना व त्यांच्या घरच्यांना घरीच रक्तदाब मोजण्यास शिकविले, आणि १९४० मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात दवाखान्यातील व घरातील आकडे शेजारी शेजारी ठेवले. घरचे आकडे कमी होते. काही रुग्णांत तर हा फरक फार मोठा होता. आश्चर्य हे की, या निष्कर्षाचा चिकित्सेवर पुढील दोन-तीन दशके फारसा परिणाम झाला नाही. रुग्णाने स्वतः मोजलेल्या आकड्यावर चिकित्सकाने विश्वास ठेवावा, हे त्या काळाच्या वैद्यकीय संस्कृतीत बसणारे नव्हते, हे त्याचे एक कारण असावे.

दुसरे कारण व्यवहाराचे होते. उच्च रक्तदाबावर परिणामकारक औषधच नसेल, तर निदान चार अंगुळे इकडे की तिकडे याने रुग्णाचे काय बिघडणार? ही स्थिती १९५० नंतर पालटली. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत झालेल्या परीक्षणांनी प्रथम १९६७ मध्ये, प्रसरणाचा दाब ११५ ते १२९ असलेल्यांत, आणि नंतर १९७० मध्ये, तो ९० ते ११४ असलेल्यांत औषधाचा लाभ दाखविला. रेषा जसजशी खाली सरकली तसतसे सर्वस्वी ठणठणीत वाटणारे लोक रुग्ण ठरू लागले. ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने सौम्य उच्च रक्तदाबाच्या १७,३५४ व्यक्तींवर केलेल्या परीक्षणाचा निष्कर्ष १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला : सुमारे ८५० जणांना एक वर्ष औषध दिले असता एका व्यक्तीचा पक्षाघात टळतो. एकाच्या लाभासाठी शेकडोंनी रोज गोळी घ्यावयाची, तर त्या शेकडोंत मुळात दाब वाढलेलाच नाही असे किती आहेत, हा प्रश्न आता टाळण्याजोगा राहिला नाही. जन्मभराचे औषध, विम्याचा वाढीव हप्ता, आणि 'आपण आजारी आहोत' ही मनात घर करून राहिलेली जाणीव, एवढे सर्व त्या दोन मिनिटांच्या आकड्यावर टांगलेले होते.

या पार्श्वभूमीवर एका प्रसिद्ध वादाची आठवण ठेवली पाहिजे. उच्च रक्तदाब हा वेगळा, आनुवंशिक रोग आहे, असे मँचेस्टरचे रॉबर्ट प्लॅट मानीत. उलट समाजात रक्तदाब उंचीप्रमाणे सलग पसरलेला असतो, त्यात रोगी व निरोगी यांना विभागणारी नैसर्गिक सीमा नाही, असे जॉर्ज पिकरिंग यांचे प्रतिपादन होते. वादाचे पारडे कालांतराने पिकरिंग यांच्या बाजूला झुकले. सीमा जर माणसानेच आखावयाची, तर ती कोणत्या आकड्यावर आखावयाची याबरोबरच तो आकडा कोठे व केव्हा घ्यावयाचा हेही माणसानेच ठरविले पाहिजे, हे त्यातून निघणारे उपसिद्धान्त. ते निःसंदिग्धपणे मांडण्याचे काम पुढे त्यांचेच पुत्र टॉमस पिकरिंग यांच्याकडे आले, हा इतिहासातील एक सुखद योगायोग होय.

बिंदूकडून पुन्हा रेषेकडे जाण्याचा प्रवास दोन ठिकाणी, दोन अगदी भिन्न रीतींनी सुरू झाला. सॅन फ्रान्सिस्को येथे हिनमन, एंगेल आणि बिकफर्ड यांनी १९६२ मध्ये एका वाहून नेता येण्याजोग्या यंत्राचे वर्णन प्रसिद्ध केले. दंडाला पट्टा, धमनीवर लहान ध्वनिग्राहक, आणि ध्वनी व दाब दोन्ही टिपणारी चुंबकीय फीत. पट्ट्यात हवा मात्र वापरणाऱ्यालाच ठरलेल्या वेळी भरावी लागे. मॉरिस सोकोलो व त्यांचे सहकारी यांनी हे यंत्र वापरून १९६६ मध्ये दाखविले की, हृदय, डोळे व मूत्रपिंडे यांना झालेल्या हानीशी दवाखान्यातील प्रासंगिक आकड्यापेक्षा दिवसभराच्या नोंदींचा संबंध अधिक निकटचा आहे. १९८३ मध्ये पर्लोफ, सोकोलो व कोवन यांनी १,०७६ रुग्णांचा पुढील आयुष्यक्रम तपासून हेच भविष्यासंबंधीही खरे असल्याचे सांगितले. दवाखान्यातील आकड्यावरून जेवढी अपेक्षा करावी त्यापेक्षा ज्यांचा दिवसभराचा दाब कमी होता, त्यांच्यावर हृदयविकाराचे व पक्षाघाताचे प्रसंग कमी आले.

या यंत्राला एक मोठी मर्यादा होती. हवा स्वतः भरावयाची असल्याने झोपेत नोंद होत नसे; रेषेचा रात्रीचा भाग कोराच राही. इंग्रजी परिभाषेत या मापनाला 'अँब्युलेटरी' म्हणतात; लॅटिनमधील चालणे या अर्थाच्या धातूपासून तो शब्द आला आहे. मराठीत त्यासाठी 'चल' हा शब्द सुचविला गेल्यास तो गणितातील 'चल' राशीशी टक्कर घेईल, आणि शिवाय इंग्रजी शब्दातील उणीवही त्यात जशीच्या तशी उतरेल. चालणारा मनुष्य जागा असतो. 'अहोरात्र' या समासात रात्र अंगभूत आहे; आणि पुढील इतिहास पाहता या मापनाचे अर्धेअधिक महत्त्व रात्रीतच आहे.

रात्र प्रथम दिसली ती ऑक्सफर्डमध्ये. बेव्हन, ऑनर आणि स्टॉट यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत दंडाच्या धमनीत बारीक नळी ठेवून तिचा दाब अंगावर वागविलेल्या उपकरणात सतत नोंदला जाई, आणि ती व्यक्ती नेहमीचे व्यवहार करीत असे. लुटविख यांची रेषा आता हिंडत्या-फिरत्या, जेवत्या, निजत्या मनुष्याची रेषा झाली. झोपेत दाब किती खोल उतरतो, आणि जागेपणी किती क्षुल्लक निमित्ताने उसळतो, हे तीत स्पष्ट दिसले. १९७८ मध्ये मिलर-क्रेग, बिशप आणि राफ्टरी यांनी याच प्रकारच्या नोंदींवरून दिवसाचा सर्वसाधारण आकार मांडला : मध्यसकाळी शिखर, दिवसभर हळूहळू उतार, मध्यरात्रीनंतर तळ, आणि जाग येण्यापूर्वीच पुन्हा चढ.

परंतु या इतिहासातील सर्वात बोलका प्रयोग मिलान येथे झाला. ज्युसेप्पे मान्चिया आणि त्यांचे सहकारी यांनी ४८ व्यक्तींच्या धमनीतील दाब सतत नोंदत ठेवला; ती नोंद चालू असताना नेहमीप्रमाणे एक डॉक्टर खाटेजवळ येऊन पट्ट्याने रक्तदाब मोजीत असे. म्हणजे मापन करणाऱ्याचेच मापन येथे गुपचूप चाललेले होते. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा : डॉक्टर येताच दाब चढू लागे आणि एक ते चार मिनिटांत शिखर गाठी. ही वाढ आकुंचनाच्या दाबात सरासरीने सुमारे २७ मिलिमीटर आणि प्रसरणाच्या दाबात १५ मिलिमीटर होती. व्यक्तीव्यक्तींतील फरक तर थक्क करणारा होता. आकुंचनाच्या दाबातील वाढ कोणात ४, तर कोणात ७५ मिलिमीटर. शिखरानंतर दाब हळूहळू उतरे, आणि भेट संपेपर्यंत जवळजवळ पूर्ववत होई. याचा अर्थ, घाईत असलेला डॉक्टर पट्टा गुंडाळून जो आकडा लिहून घेतो, तो बहुधा शिखराच्या आसपासचाच असतो. वय, लिंग किंवा मूळचा दाब यांवरून कोणाचा किती चढेल हे सांगता येत नसे. तोच डॉक्टर दुसऱ्यांदा आला तरी चढ सरासरीने तेवढाच राही. 'ओळख झाली की भीती मोडेल' ही समजूत निदान या प्रयोगात तरी टिकली नाही. १९८७ मध्ये त्याच गटाने परिचारिकेकडून मापन करविले, तेव्हा चढ सुमारे निम्म्यावर आला.

मिलानच्या प्रयोगाचे तात्त्विक महत्त्व हे की, त्याने चुकीची जागा बदलली. तोपर्यंत दोष यंत्रात, कानात किंवा हलगर्जीपणात शोधला जात असे. येथे यंत्र बरोबर होते, कान बरोबर होते, आकडा त्या क्षणापुरता अगदी खरा होता. खोटे होते ते त्या क्षणाला दिवसाचे प्रतिनिधित्व देणे.

या घटनेला 'व्हाइट कोट हायपरटेन्शन', म्हणजे पांढऱ्या कोटाचा उच्च रक्तदाब, हे नाव रूढ झाले. न्यूयॉर्क येथे टॉमस पिकरिंग व सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये, सीमेवरचा दाब असलेल्या व औषध न घेणाऱ्या २९२ रुग्णांपैकी २१ टक्क्यांचा दिवसभराचा दाब प्राकृत असल्याचे दाखविले. नाव आकर्षक आहे, म्हणूनच ते टिकले. परंतु ते पुरते निर्दोष नाही. त्यातून दोष वस्त्राकडे आणि रुग्णाच्या भित्रेपणाकडे जातो. परिचारिकेच्या वस्त्राचा रंग वेगळा असतो म्हणून दाब निम्मा चढला, असे कोणी म्हणणार नाही. डॉक्टरचे पद, निकालाची धास्ती, अनोळखी खोली, यांपैकी कशाचा किती वाटा, याचा उलगडा नावाने होत नाही. उलट तो झालाच आहे असा आभास निर्माण होतो.

याच्या उलट बाजूला, दवाखान्यात प्राकृत पण बाहेर वाढलेला, अशा दाबाला टॉमस पिकरिंग व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये 'मास्क्ड' म्हणजे मुखवट्याआडचा उच्च रक्तदाब म्हटले. दोन्ही नावांची रचना न्याहाळण्यासारखी आहे. एका नावात डॉक्टरने कोट घातला आहे, दुसऱ्यात रोगाने मुखवटा घातला आहे. ज्याच्या दंडाला पट्टा आहे तो मनुष्य दोहोंतही कोठे नाही. व्यवहारात मात्र दुसरी स्थिती अधिक घातक, कारण तीत मनुष्याला 'सर्व ठीक आहे' असे सांगून घरी पाठविले जाते. रात्री दाब उतरणारे आणि न उतरणारे यांना डब्लिनच्या ओब्रायन व सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये 'डिपर' व 'नॉन-डिपर' अशी नावे दिली; सामान्यतः रात्रीची घट दिवसाच्या दहा टक्क्यांहून कमी असेल तर मनुष्य दुसऱ्या वर्गात पडतो. (मालमोटारींच्या पाठीवर रात्री डिपर वापरण्याची विनंती वाचत आलेल्या आपल्याकडील विद्यार्थ्याला ही संज्ञा लक्षात ठेवणे जड जाऊ नये.)

ऑक्सफर्ड व मिलानची पद्धत धमनीत नळी घालण्याची असल्याने ती प्रयोगापुरतीच राहिली. नित्याच्या उपयोगाला आले ते सॅन फ्रान्सिस्कोच्या यंत्राचे वंशज, आपोआप हवा भरणारे आणि हलके होत गेलेले. त्यांतील बहुतेक यंत्रे आज ध्वनी ऐकतच नाहीत. पट्ट्यातील हवेला धमनीमुळे बसणारे बारीक हिसके मोजून त्यांवरून दोन्ही आकडे गणिताने काढतात. कमरेला डबी, दंडाला पट्टा. दिवसा दर वीस-तीस मिनिटांनी आणि रात्री काहीशा विरळ अंतराने मापन होते, त्या क्षणी हात स्थिर ठेवावयाचा, आणि झोपण्या-उठण्याच्या वेळा लिहून ठेवावयाच्या. गणिताचे सूत्र निर्मात्यागणिक बदलते, म्हणून प्रत्येक यंत्राची स्वतंत्र परीक्षा घेण्याचे नियम १९८७ मध्ये अमेरिकेत आणि १९९० मध्ये ब्रिटनमध्ये तयार झाले.

मापनाची जागा बदलताच सीमाही बदलली, ही बाब पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात घ्यावी. दवाखान्यातील १४०/९० या सीमेला जागेपणीच्या सरासरीत १३५/८५, संपूर्ण अहोरात्राच्या सरासरीत १३०/८० आणि झोपेत १२०/७० अशा सीमा युरोपीय परंपरेत समतुल्य मानल्या जातात. अमेरिकेत २०१७ पासून त्या आणखी खाली आणल्या गेल्या. एकाच मनुष्याला एकाच दिवशी लागू असलेल्या या चार सीमा पाहिल्या म्हणजे 'तुमचा रक्तदाब किती?' हा प्रश्न 'कोठे आणि केव्हा?' या पुरवणीवाचून अपुरा ठरतो.

सीमांना आधार मिळाला तो दीर्घकाळ चाललेल्या निरीक्षणांतून. जपानच्या इवाते प्रांतातील ओहासामा या गावी युताका इमाई व सहकाऱ्यांनी रुग्णांचे नव्हे, तर सामान्य रहिवाशांचे अहोरात्र मापन केले आणि वर्षानुवर्षे त्यांचा मागोवा घेतला. तेथेही मृत्यूचे अनुमान तपासणीच्या एका आकड्यापेक्षा अहोरात्राच्या सरासरीवरून अधिक चांगले होते, आणि रात्री दाब न उतरणे हे स्वतंत्र अनिष्ट चिन्ह ठरले. स्पेनमधील ५९,१२४ रुग्णांच्या नोंदींचे जे विवेचन २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात रात्रीचा दाब सर्वाधिक सूचक आढळला. मुखवट्याआडचा दाब असलेल्यांत मृत्यूचा धोका वाढलेला होता, पांढऱ्या कोटाच्या दाबात तो वाढलेला आढळला नाही. या शेवटच्या मुद्द्यावर मात्र सर्व अभ्यासांचे एकमत नाही. त्या गटातील काहींचा दाब पुढे सर्वत्रच वाढलेला राहतो, म्हणून त्यांच्यावर नजर ठेवावी, एवढे बहुतेकांना मान्य आहे.

निदानाच्या अधिकृत नियमांत हा बदल २०११ मध्ये ब्रिटनमध्ये झाला. तेथील राष्ट्रीय संस्थेने सांगितले की, दवाखान्यातील आकडा १४०/९० किंवा अधिक आल्यास निदान पक्के करण्यासाठी अहोरात्र मापन सुचवावे. जागेपणी ताशी निदान दोन मापने घ्यावीत आणि किमान चौदा आकड्यांची सरासरी धरावी. ज्यांना ते सोसत नाही त्यांच्यासाठी काही दिवस घरी सकाळ-संध्याकाळ मापन. एमन आणि गोल्डशाइन यांची रीत अशी सत्तर वर्षांनी अधिकृत झाली. निर्णयाच्या बाजूने सर्वात वजनदार ठरला तो युक्तिवाद आर्थिक होता. यंत्र महाग असले तरी अनावश्यक औषधांचा व भेटींचा खर्च वाचून एकूण व्यवहार स्वस्तच पडतो, असा हिशेब त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. ज्या विम्याच्या हिशेबाने बिंदूला प्रतिष्ठा दिली, त्याच जातीच्या हिशेबाने रेषेलाही दिली. अमेरिकेतील प्रतिबंधक सेवा मंडळाने २०१५ मध्ये, औषधोपचार सुरू करण्यापूर्वी निदान दवाखान्याबाहेरील मापनाने पडताळावे, असे सुचविले आणि २०२१ मध्ये ते कायम ठेवले.

या पद्धतीलाही दोष आहेत. पट्टा रात्री दंड आवळतो आणि काहींची झोप मोडते. मग ज्या झोपेचा दाब मोजावयाचा ती झोपच उरत नाही. एकाच व्यक्तीचे दोन वेगवेगळ्या दिवशी मापन केले असता 'डिपर'चा 'नॉन-डिपर' होणे असामान्य नाही. तेव्हा एका रात्रीवरून कायमचा शिक्का मारणे म्हणजे जुनीच चूक नव्या यंत्राने करणे होय. आणि यंत्र सर्वत्र नाही. भारतात २०१७ च्या अखेरीस सुरू झालेल्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात प्रारंभीच्या पाच राज्यांत महाराष्ट्राचा समावेश होता. तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रांतले निदान पट्ट्याच्या साध्या मापनावर, ते पुन्हा पडताळून, आधारलेले आहे. ज्याचा रक्तदाब आयुष्यात एकदाही मोजला गेलेला नाही अशा शेतकऱ्याच्या बाबतीत पहिला प्रश्न रेषेचा नसून निदान एक बिंदू मिळण्याचा आहे, हे मान्य केले पाहिजे. तथापि त्याच केंद्रात रुग्णाला पाच मिनिटे स्वस्थ बसवून, बोलू न देता, दोन-तीन वेळा मोजणे याला यंत्र लागत नाही. मिलानच्या उतरत्या रेषेने शिकविलेला हा भाग कोणत्याही केंद्राला परवडण्याजोगा आहे.

अलीकडे मनगटावरच्या घड्याळांतून व अंगठ्यांतून पट्ट्याविनाच सतत रक्तदाब सांगणारी उपकरणे बाजारात आली आहेत. त्यांतील बहुतेक दाब मोजीत नाहीत. त्वचेखालील रक्तप्रवाहाच्या प्रकाशीय खुणांवरून तो अनुमानितात. युरोपीय उच्च रक्तदाब संस्थेने २०२३ च्या मार्गदर्शनात निदानासाठी त्यांचा वापर करू नये असे म्हटले आहे. त्यांपैकी अनेक उपकरणांना आरंभी आणि नंतर ठरावीक काळाने पट्ट्याच्या यंत्राशी जुळवून घ्यावे लागते. म्हणजे त्यांची अखंड रेषा अखेर दंडाला पट्टा गुंडाळून घेतलेल्या दोन-तीन आकड्यांवरच उभी असते, आणि ते आकडे कोणत्या वेळी, कोणाच्या देखत घेतले, याची नोंद त्या उपकरणात सहसा नसते.